चौथी बाटली

ड्रायव्हरने ती बाटली मेलेला उंदीर आणावा तशी दोन बोटांत लांब धरून आणली.

"मॅडम, ही सीटखाली गेली होती. आज गाडी धुताना सापडली. आतून पार खराब झालीये. घासून देऊ?"

बाईंनी ती उजेडात धरली. आतलं पाणी काळंकुट्ट झालं होतं. लेबलवर ड्रायव्हरच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'चार. आक्कांचं घर. स्वयंपाकघरातला नळ.'

"घासू नका. आणि आधी हात धुवा. साबण लावून, कोपरापर्यंत."

ड्रायव्हर गेला आणि बाई पँट्रीतल्या स्टुलावर बसल्या.

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या तेव्हापासून त्यांना सगळे बाई म्हणत. नवरा आधी अधिकारी, मग सचिव आणि आता राज्यपाल झाला, तशी त्यांची ओळख 'साहेबांच्या मिसेस' इथवर आक्रसत आली. नोकरी तर तिसऱ्याच बदलीत सुटली. पण प्रत्येक बदलीच्या सामानात एक थर्माकोलची पेटी असायचीच. आत नमुन्यांना ऊब द्यायला लहानसा दिवा, झाकणाला पाडलेल्या भोकातून थर्मामीटर. राज्यपाल निवासाला एकोणचाळीस खोल्या होत्या आणि त्यात बाईंची म्हणावी अशी जागा एकच, स्वयंपाकघरामागच्या पँट्रीतलं हे फडताळ. नणंद, आक्का, हसायची. "आमची डॉक्टरीण! तापाची गोळी मागितली तर म्हणते, मी त्यातली डॉक्टर नाही."

आणि गेल्या आठवड्यात, वीस वर्षांत पहिल्यांदा, कोणीतरी त्यांना त्यांचं काम सांगितलं. शहराच्या पूर्व भागाच्या नव्या पाणीयोजनेचं उद्घाटन राज्यपालांच्या हस्ते व्हायचं होतं. योजनेचा मुख्य अभियंता त्यांचा जावईच. सरकारी प्रयोगशाळेच्या दाखल्यावर लोकांचा काडीचा विश्वास नव्हता. लेक म्हणाली, "आई, तू तपास ना. तुझ्या शब्दावर लोक पितील." बाईंना इतका आनंद झाला की त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या. सकाळी त्यांनी चार बाटल्या निर्जंतुक केल्या आणि प्रत्येकीत तपासणीच्या कागदाची एकेक पट्टी घातली. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर एका दिवसाच्या उबेत बाटली काळी पडते, नसले तर पडत नाही. निकाल शेंबडं पोरही सांगेल.

नमुने घ्यायला स्वतः जायला हवं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण राज्यपालांची पत्नी नळावर जाते म्हणजे दोन गाड्या, चार पोलीस आणि एक कॅमेरा नळावर जातो. त्यांनी ड्रायव्हरला पाठवलं. तीन बाटल्या आल्या. चौथी कुठे सांडली-फुटली असेल असं धरून त्यांनी विचारलंही नाही. काल संध्याकाळी तिन्ही स्वच्छ निघाल्या आणि आज सकाळी पेपरात चौकट आली : 'राज्यपालांच्या पत्नीने स्वतः तपासले, पाणी निर्धोक.' चौकट कापून ठेवायला त्यांनी कात्री मागवली होती. ती फडताळावर तशीच पडली होती.

चौथी बाटली दोन दिवस उन्हात तापलेल्या गाडीत पडून होती. ऊब तिलाही मिळालीच होती.

"काका," त्यांनी बटलरना हाक मारली. "परवा सकाळी ड्रायव्हरने तीन बाटल्या इथे ठेवल्या. मी पाहुण्यांच्या चहातून सुटून येईपर्यंत तासभर गेला असेल. तेवढ्यात त्यांना कोणी हात लावला होता?"

"छे, मॅडम. मी स्वतः इथे उभा होतो." बटलर थोडे थांबले आणि मग काहीशा अभिमानानेच म्हणाले, "फक्त पाणी बदललं."

"काय केलंत?"

"पिवळट, गढूळ पाणी होतं हो. कुठल्या नळाचं, कोण जाणे. या घरात सात साहेब झाले, तसलं पाणी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. म्हटलं, मॅडमच्या बाटल्यांत हे? ओतून दिलं, बाटल्या कढत पाण्यानं विसळल्या आणि आपलं उकळून गाळलेलं भरलं. आतली कागदाची पट्टी मात्र जपून परत घातली. तुमची आहे म्हणून."

काकांचा चेहरा शाबासकीसाठी तयार होता. बाईंना त्यांच्यावर ओरडता येईना. पाणी पिवळट दिसत होतं ते त्या पट्टीमुळेच. काल तिन्ही बाटल्यांचा रंग फिका आहे हे त्यांनी पाहिलं होतं, आणि पट्ट्या जुन्या असतील अशी स्वतःची समजूत घालून घेतली होती. कारण निकाल चांगला हवा होता.

त्यांनी वही उघडली. 'नमुना कोणी घेतला' हा रकाना चारही ओळींत कोरा. विद्यार्थ्याने असा रकाना कोरा सोडला असता तर त्यांनी वही वर्गाबाहेर भिरकावली असती.

सव्वाअकरा वाजले होते. साडेबाराला घरचं जेवण, चारला उद्घाटन.

*

आई जेवणाला वीस मिनिटं उशिरा आली तेव्हाच लेकीच्या मनात पाल चुकचुकली. आईला उशीर होत नसे. आणि हातात काचेचा वाडगा घेऊन तर ती कधीच जेवणघरात येत नसे.

टेबलावर पाचच माणसं होती. बाबा, आई, ती आणि तिचा नवरा, आणि खास या दिवसासाठी आलेली आत्या, जिला घरातले सगळे आक्का म्हणत. आक्काला या घरात राहायला यायचं आमंत्रण तीन वर्षं होतं आणि तीन वर्षं ती नाही म्हणत होती. पूर्व भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्या तिला पुरत. तिथे बारा वर्षं टँकर येत होता आणि बारा वर्षं ती बादल्या चढवत होती. आज चार वाजता भर मंडपात पहिला ग्लास तिच्या हातात द्यायचा, असं बाबांनी ठरवलं होतं.

आईने वाडगा पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवला. आत काळी बाटली आडवी होती.

"हे आक्कांच्या नळाचं पाणी," ती म्हणाली. "परवाचं. मी काल दिलेला निकाल खरा नाही. आज पाणी सुरू करू नका."

सूप वाढणारे बटलर जागच्या जागी थांबले. आईने त्यांना मानेनेच 'जा' म्हटलं. मग तिने सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं, एकापुढे एक. बाटल्यांतलं पाणी 'घरात बदललं गेलं', एवढंच म्हणाली. कोणी, ते नाही.

लेकीच्या नवऱ्याचा चमचा सुपात बुडला तो वर आलाच नाही.

"आई, माफ करा, पण ही एकच बाटली आहे," तो म्हणाला. "ती कुठे पडली होती, झाकण नीट होतं की नाही, काही माहीत नाही. तुम्हीच म्हणता ना, एका नमुन्यावर काही सिद्ध होत नाही म्हणून?"

"बरोबर आहे. हिच्यावर मी पाणी वाईट आहे असं छातीठोक सांगणार नाही. पण चांगलं आहे असं मी काल सांगून बसलेय, आणि त्याला तर एकाही बाटलीचा आधार नाही."

"मग हे तुला आत्ता कळतंय?" लेकीचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा वर गेला. "दोन वर्षं हा साइटवर झोपलाय, आई. आज तू मंडपात उभी राहून नाही म्हणालीस तर उद्या सगळे याच्यावर तुटून पडतील. तुझ्यावर कोणी बोट उचलणार नाही. तू राज्यपालांची बायको आहेस!"

"म्हणूनच तर हा घोळ झाला," आई म्हणाली.

लेकीला रडू फुटेल असं वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला. आईला तपासायला सांगायचं तिच्याच डोक्यात आलं होतं. तिला आईला खूश करायचं होतं, दुसरं काही नाही.

*

राज्यपाल बाटलीकडे बघत नव्हते. ते बायकोकडे बघत होते. अडतीस वर्षांत हा सूर त्यांनी एकदा-दोनदाच ऐकला होता, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो गोड बोलून मिटवला होता.

त्यांची मुदत बारा दिवसांनी संपत होती. उद्घाटनाची तारीख त्यांनीच अलीकडे ओढून घेतली होती. त्याच गल्ल्यांत ते वाढले, तिथेच आक्काने त्यांना कडेवर घेऊन रांगेत पाणी भरलं. जाता जाता तिच्या घरात नळ द्यायचा, एवढी एकच गोष्ट त्यांना या सगळ्या मानमरातबात स्वतःसाठी करायची होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. राज्यपालांनी सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

"हे बघ," ते शांतपणे म्हणाले. "तुझं नाव कुठेही येणार नाही अशा रीतीने आपण हे करू. 'तांत्रिक कारणास्तव समारंभ दोन दिवस पुढे.' सचिव दहा मिनिटांत मसुदा देतील. पुढच्या तपासण्या गुपचूप होतील. तुझी शोभा नको, यांची नको."

यात वाईट काय होतं, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. अशी शंभर पत्रकं त्यांनी सही करून सोडली होती आणि जग सुरळीत चाललं होतं.

"अहो, ते पत्रक वाचून कोणी पाणी उकळेल का?"

"म्हणजे?"

"गेला आठवडाभर रोज सकाळी सात ते आठ चाचणीचं पाणी सुटतंय. लोकांना सांगितलं होतं, वापरा, पिऊ नका. आज पेपर सहाला घरोघरी पडला. माझ्या फोटोसकट." बाईंनी खुर्चीची पाठ धरली. "सातला लोकांनी काय भरलं असेल? हंडे भरले असतील, माठ भरले असतील. माझ्या शब्दावर आत्ता, या क्षणी, कोणीतरी ते पितंय. तांत्रिक कारण म्हटलं तर त्यांना वाटेल पंप बिघडला. माठातलं पाणी ते पीतच राहतील. 'तपासणी चुकली' असं मीच सांगायला हवं, आणि नाव घेऊन."

"तुला कळतंय का, पेपरवाले काय करतील? 'राज्यपालांच्या बायकोचा पोरखेळ'!"

"करू देत."

"अगं, करू देत काय? तुझी आयुष्यभराची विद्या—"

"आता विद्या आठवली तुम्हाला?" बाई म्हणाल्या. मोठ्याने नाही. पण जावयाने मान खाली घातली आणि लेक खिडकीबाहेर बघू लागली. कालच एका मुलाखतीत 'मिसेसचा वेळ कसा जातो' असं विचारल्यावर राज्यपाल हसून म्हणाले होते, 'ती बाटल्यांशी खेळते.'

त्यांनी वळून मोठ्या बहिणीकडे पाहिलं. "आक्का, तू तरी सांग हिला. तुला नळ हवाय की नको?"

*

आक्कांना नळ हवा होता. किती हवा होता, हे त्या टेबलाभोवती बसलेल्या एकालाही समजलं नसतं. एकाहत्तराव्या वर्षी बादली घेऊन तिसरा मजला चढताना माणूस दर जिन्यावर कोणाला शिव्या देतं, हे राज्यपाल निवासात कसं कळणार? मागच्या मंगळवारी सात वाजता त्यांनी तोटी पिळली, पाणी फुरफुरत आलं, आणि त्या ओट्याला टेकून एकट्याच हसत सुटल्या होत्या.

"मला हवाय," त्या भावाला म्हणाल्या. "दोन दिवस थांबा म्हणता आणि दोन वर्षं जातात, हे मी बघितलंय. बाळ्या, तू सुद्धा थांबा म्हणणाऱ्यांतलाच होतास."

"झालं तर मग," जावई पटकन म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा जरा. माझं संपलं नाही." आक्कांनी पदर खांद्यावर ओढला. घरातल्या सगळ्यांना वाटलं, आता भावजयीची खरडपट्टी निघणार. बाईंनाही तेच वाटलं. त्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या.

आक्का वाडग्यातल्या बाटलीकडे बघत राहिल्या.

"खालच्या मजल्यावरचा शिंपी शुक्रवारपासून आजारी आहे. जुलाब. त्याच्या दोन्ही नातवंडांनाही. समोरच्या खोलीतली नर्स काल कामावर गेली नाही." "वापरा, पिऊ नका म्हणाले, पण दारात नळ असताना कोण टँकरचं प्यायला जातंय? शिंप्याची बायको मला म्हणाली, आक्का, पाण्याचं तर नसेल ना? मी म्हटलं, काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल. मीच म्हटलं."

"आक्का!" राज्यपाल उभे राहिले.

"ओरडू नकोस माझ्यावर. बोलले असते तर पाणी बंद झालं असतं. एवढंच कळत होतं मला. आज सकाळी पेपरात हिचा फोटो बघितला आणि जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतायत ना, मग पाण्याचं नाही." त्यांनी बाईंकडे मान वर केली. त्या घरात पहिल्यांदाच आक्कांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. "येताना शिंप्याच्या दारात पेपर ठेवून आले मी. म्हटलं, बिनघोर प्या."

मग जावयाने खुर्ची मागे सारली.

"शेवटच्या चौकापर्यंत सगळं तपासलंय," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "चौकाच्या पुढची लाइन दाबाखाली तपासायची राहिली. तिला पाच दिवस लागले असते. तारीख अलीकडे आली."

"तिथे शेजारून काय जातं?" बाईंनी विचारलं.

"जुनं गटार." तो म्हणाला. "पाणी बंद केलं की पाइप रिकामा होतो, आणि एखादा सांधा सैल असेल तर बाहेरचं आत ओढलं जातं. मला माहीत होतं. म्हणजे, असं होऊ शकतं हे माहीत होतं. सरकारी नमुना मी जलशुद्धीकरण केंद्रावरचाच पाठवला."

लेकीने नवऱ्याकडे असं पाहिलं जणू तो टेबलावर नव्याने येऊन बसला होता. मग उठून ती आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"साहेब, उद्घाटन रद्द करा," जावई सासऱ्याला म्हणाला. "मी मंडपात सांगतो. लाइन माझी आहे."

"लाइनचं तुम्ही नंतर सांगा," बाई म्हणाल्या. "आधी पाण्याचं मी सांगते. लोकांनी माझं ऐकून भरलंय. आणि चार वाजेपर्यंत थांबायचं नाही. तुमची गाडी आणि भोंगा आत्ता पाठवा, गल्लीगल्लीतून. उकळल्याशिवाय थेंब प्यायचा नाही. आक्का, तुमच्या त्या नर्सबाईंना फोन लावा. त्यांना, शिंप्याला आणि पोरांना दवाखान्यात न्यायचं, आज, लगेच."

राज्यपाल उभेच होते. कोणी त्यांची परवानगी मागत नव्हतं. त्यांनी एकदा काळ्या बाटलीकडे बघितलं, घंटी वाजवली आणि सचिवांना गाडी व भोंग्याची सोय करायला सांगितलं. तांत्रिक कारणाचं नाव काढलं नाही.

*

चार वाजता मंडप भरला होता. गल्ल्यांत भोंगा फिरला होता, पण त्याने 'उकळून प्या' एवढंच सांगितलं होतं, का ते नाही. पहिला ग्लास चांदीच्या तबकात झाकून ठेवलेला होता. तो कोणी उचलला नाही. बाई माइकपाशी गेल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या थांबेपर्यंत उभं राहणं हेच त्यांना सगळ्यात कठीण गेलं.

"आज पेपरात जे आलंय ते चूक आहे," त्या म्हणाल्या. "पाणी चांगलं आहे असं मी म्हटलं, पण मी तपासलं ते तुमचं पाणी नव्हतंच. नमुने घ्यायला मी स्वतः गेले नाही. ते माझ्या घरात बदलले गेले आणि माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. सकाळी भरलेलं पाणी ओतून द्या. पुढचं सांगेपर्यंत उकळूनच प्या. ज्याला जुलाब-उलट्या होत असतील त्याने घरी थांबू नये, दवाखान्यात जावं."

मंडपात गलका झाला. पुढच्या रांगेतून एका बातमीदाराने ओरडून विचारलं, "बदलले कोणी, मॅडम? कोण जबाबदार?"

"घर माझं आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे मी."

निवासाच्या स्वयंपाकघरात रेडिओपाशी उभे असलेले बटलर हे ऐकून स्टुलावर बसले, सकाळी बाई बसल्या होत्या त्याच.

मागून एक म्हातारा ओरडला, "आमची पोरं आजारी पडली तर तुम्ही येणार का बघायला?" बाई "येईन" म्हणाल्या, पण गोंगाटात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

*

साडेपाचला त्या आक्कांच्या तिसऱ्या मजल्यावर चढल्या. शिंपी, त्याची नातवंडं आणि ती नर्स दवाखान्यात पोचली होती. धाकटीला सलाइन लावलं होतं, आणि डॉक्टर रात्र बघू म्हणाले होते. खाली चौकात जावयाने माणसं लावून खड्डा खणायला घेतला होता. लेक त्याच्याशेजारी उभी होती, चिखलात, समारंभाच्या साडीत.

चाचणीचं पाणी पुन्हा सोडलं होतं, नमुन्यापुरतं. बाईंनी तोटी कापसाने पुसली, स्पिरिटच्या दिव्याची ज्योत तिच्याखाली धरली. मग पाणी सोडलं आणि घड्याळ बघत तीन मिनिटं वाहू दिलं. आक्का ओट्याला टेकून बघत होत्या. वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघताना त्यांचा जीव तुटत होता.

"एवढी वर्षं चिडवलं तुला," शेवटी त्या म्हणाल्या. "तू नक्की काय करतेस ते आज बघितलं."

जिन्यात बुटांचा आवाज झाला. राज्यपाल एकटेच वर आले होते, धापा टाकत, कोट हातात घेऊन. अंगरक्षक खालीच थांबवले होते. ते दारात घुटमळले. दुपारपासून नवरा-बायको एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"मी काही धरू का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी बाटलीचं झाकण फिरवून काढलं. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात तोटी. झाकण ठेवायला जागा नव्हती.

"हे धरा. बाहेरूनच. आत बोट लागता कामा नये, आणि त्याच्यावर बोलू नका."

राज्यपालांनी झाकण दोन बोटांत धरलं आणि श्वास रोखून उभे राहिले. बाटली भरली. बाईंनी झाकण लावलं, वही ओट्यावर उघडली, आणि 'नमुना कोणी घेतला' या रकान्यात पेन्सिलीनं 'मी स्वतः' असं लिहिलं.